साबणाला कुलूप, माणसालाही कुलूप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची वंदना आटोपून विहाराबाहेर चपला घालत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतली एक मावशी जवळ आली. कंत्राटी सफाई कामात तिचे सारे आयुष्य गेले. म्हणाली, "जय भीम, वकीलसाहेब. पोराला भेटू देत नाहीत. वार्डात साथ आहे म्हणतात. तीन आठवडे झाले, पोरगा जिता आहे का मेला तेसुद्धा कोणी धड सांगत नाही."

तिचा मुलगा तिशीतला, बारावी शिकलेला. कधी अतोनात उत्साह तर कधी अतोनात उदासी, असा त्याचा आजार. औषध चालू असले की सोन्यासारखा वागणारा. एका शासकीय मनोरुग्णालयात त्याला दाखल केले होते. मी मावशीला घेऊन तिथे गेलो. दोन दिवस खेटे घातले, कायद्याचे कलम दाखवले, तेव्हा कळले की मुलगा त्या मनोरुग्णालयात नाहीच. त्याला सर्वसाधारण रुग्णालयात हलवले आहे आणि घरी कोणी कळवलेले नाही!

पुढे मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २५ खाली अर्ज करून त्याचे केस पेपर मिळवले. त्यात सगळी कहाणी होती. वॉर्डात जुलाबाची साथ आलेली. पहिल्या दिवशी त्यालाही जुलाब. दुसऱ्या दिवशी नोंद अशी की रुग्ण अस्वस्थ आहे, हात थरथरतात, बोलणे अडखळते, तोल जातो, सहकार्य करत नाही. तिसऱ्या दिवशी तो न्हाणीत कोसळला. तेव्हा कुठे रक्त तपासले गेले आणि त्याच्या अंगात लिथियम या औषधाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर गेल्याचे उघड झाले.

लिथियम हे गुणकारी औषध आहे. मात्र त्याचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडे असते. जुलाबाने अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे हे औषध नीट बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात साठते. मग हात थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, भ्रम होणे ही लक्षणे दिसू लागतात. म्हणजे त्या नोंदीत जे लिहिले होते ते 'वेड' नव्हते, ती विषबाधा होती. जलसंजीवनीचे दोन पेले, एक रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी वेळीच थांबवलेली एक गोळी यांनी जे टळले असते ते मरणाच्या दारापर्यंत गेले. का? कारण तो सांगत होता आणि ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त 'वेडा बडबडतो आहे' एवढेच पडत होते.

मुलगा वाचला. पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे आणि तीच आज या स्तंभातून आपल्यासमोर मांडायची आहे. मनोरुग्णालयात रोगाची साथ पसरते ती केवळ जंतूंमुळे नाही. माणसाचा शब्द खोटा ठरवला जातो, त्याच्या हाती साबण दिला जात नाही आणि दाराला बाहेरून कडी असते, म्हणून ती पसरते. तेव्हा मनोरुग्णालयातील संसर्ग रोखणे हा डॉक्टरांच्या खात्यातला तांत्रिक विषय समजून आपण बाजूला ठेवू नये. तो हक्काचा विषय आहे.

कोणते रोग, कसे पसरतात?

महाराष्ट्रात शासनाची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्यात येरवडा, तसेच ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चारही ब्रिटिश राजवटीतली. चारही मिळून मंजूर खाटा वर्षानुवर्षे ५,६९५ सांगितल्या जात आल्या आहेत. यांशिवाय खासगी संस्था, व्यसनमुक्ती केंद्रे, भिक्षेकरी गृहे, निराधारांची वसतिगृहे आहेतच. या सगळ्या ठिकाणी माणसे एकत्र झोपतात, एकत्र जेवतात, एकाच न्हाणीत आंघोळ करतात, एकाच माठातून पाणी पितात. काही जण महिनाभर राहतात, काहींचे सारे आयुष्य तिथेच सरते.

अशा ठिकाणी रोग ओळखीचेच असतात. खरूज, उवा, जुलाब, कावीळ, फ्लू आणि क्षयरोग. यांत नवे काही नाही. झोपडपट्टीत राहणाऱ्या आपल्या माणसाला हे रोग पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. पण मनोरुग्णालयात हेच रोग वेगळे वागतात, ते का हे समजून घेतले पाहिजे.

पहिले कारण म्हणजे तिथला रुग्ण खाटेला खिळलेला नसतो. तो वॉर्डभर हिंडतो, आणि त्याने हिंडावे, इतरांत मिसळावे, काम करावे हाच उपचाराचा भाग असतो. त्यामुळे साध्या रुग्णालयातले नियम तिथे जसेच्या तसे चालत नाहीत.

दुसरे कारण औषधे. लिथियमचे वर सांगितले. क्लोझापिन नावाच्या औषधाने काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात कमी होतात. अशा रुग्णाचा घसा दुखला आणि ताप आला तर पहिली गोष्ट म्हणजे रक्त तपासणे, नुसती तापाची गोळी देऊन झोपवणे नव्हे. काही औषधांनी सुस्ती येते, गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हे औषध अनेक मानसिक औषधांचा रक्तातील असर कमी करते. त्यामुळे टीबीचा उपचार सुरू झाला आणि रुग्ण पुन्हा बिघडला, असे घडू शकते. छातीचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर एकमेकांशी बोलले नाहीत तर मार खातो तो रुग्णच.

तिसरे कारण सगळ्यांत मोठे. रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास न ठेवणे. 'पोटात दुखते' म्हटले की भास. 'अंगाला खाजते, किडे चालतात' म्हटले की भ्रम. खरे तर खरजेचे बारीक किडे कातडीखाली खरोखरच चालत असतात! पहिल्यांदा खरूज होणाऱ्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तो दुसऱ्यांना ती देऊन मोकळा झालेला असतो. म्हणून एकट्या खाजवणाऱ्याला मलम चोळून भागत नाही. अख्ख्या वॉर्डाला, सेवकांसह, एकाच दिवशी औषध लावावे लागते, आठवड्याभराने पुन्हा लावावे लागते आणि त्याच वेळी कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावे लागते. हे महाग आहे काय? मुळीच नाही. पण त्यासाठी पुरेसे कपडे, पुरेशी चादर, पुरेसे गरम पाणी लागते आणि मुख्य म्हणजे पहिल्या खाजवणाऱ्याचे ऐकणारा कान लागतो.

बंद दाराआड काय होते?

हे केवळ तर्काने सांगत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातील चोंगदो येथील देनाम रुग्णालयाच्या बंद मानसोपचार विभागात कोरोना शिरला. तिथल्या शंभरावर रुग्णांपैकी एक-दोन सोडून बाकी सगळ्यांना लागण झाली. त्या देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू याच विभागातला होता. तो रुग्ण वीस वर्षांहून अधिक काळ तिथे होता. कोरियासारखा श्रीमंत देश, ज्याच्या कोरोना नियंत्रणाचे जगाने कौतुक केले, त्याच देशातल्या या एका कुलूपबंद मजल्यावर मात्र सुटण्याची वाट कोणालाच नव्हती. दाटीवाटी, बंद हवा, बाहेरच्यांची ये-जा नाही आणि वर्षानुवर्षे त्याच चार भिंती. विषाणूला याहून सोयीचे घर कोणते?

आपल्या देशात यायचे तर दिल्लीकडे पाहा. रोहिणी भागातले 'आशा किरण' हे बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठीचे सरकारी निवासगृह. ते मनोरुग्णालय नव्हे, पण बंद दाराचा प्रश्न तोच. २०२४ च्या जुलै महिन्यात तिथल्या चौदा जणांच्या मृत्यूचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे तिथे ठेवलेली होती. मृतांपैकी बहुतेकांना क्षयरोग होता, हे न्यायालयाच्या नजरेस आले. आणि न्यायालयाने काय केले? पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या तपासण्याचा आदेश दिला, गर्दी कमी करायला सांगितले. राजधानीच्या शहरात, सरकारच्या घरात, पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे पाहायला उच्च न्यायालयाला सांगावे लागते! ज्या समाजाने पाण्यासाठी महाडला सत्याग्रह केला, त्या समाजाला या आदेशाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

साबण कपाटात का?

आता कर्मचाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. न्याय एकतर्फी नसतो. एका अनुभवी परिचारिकेला मी विचारले, "ताई, तुमच्या वॉर्डात नळाजवळ साबण का नाही?" ती म्हणाली, "साहेब, वडी ठेवली की कोणी खातो, कोणी लपवतो. सॅनिटायझर ठेवला तर पिऊन टाकतात. काही झाले की चौकशी माझी. म्हणून कपाटात ठेवते, जेवायच्या आधी काढते. पण रात्रपाळीला सत्तर जणांमागे आम्ही दोघी. कपाट उघडायला वेळ कुठे?"

तिचे खोटे नाही. हातावर चोळायच्या द्रवात स्पिरिट असते, ते प्यायले तर जीव जाऊ शकतो. पण म्हणून कपाटाला कुलूप हा उपाय नव्हे. उपाय साधे आहेत. स्पिरिटवाला द्रव भिंतीवर टांगू नये, कर्मचाऱ्यांनी लहान बाटली स्वतःच्या खिशात बाळगावी. रुग्णांसाठी नळाजवळ भिंतीत पक्का बसवलेला, न तुटणारा, पातळ साबणाचा डबा असावा. जेवणाआधी आणि संडासानंतर हात धुवायला एक माणूस उभा राहावा. जुलाबाच्या साथीत तर खरा आधार साबण-पाण्याचाच असतो, कारण मळलेल्या हातावर सॅनिटायझर काही कामाचा नाही. आणि त्यासाठी रात्रपाळीला दोघींच्या जागी चौघी लागतात. म्हणजे फिरून प्रश्न येतो तो रिक्त पदांचा. जागा भरायच्या नाहीत, कंत्राटदारामार्फत माणसे आणायची, आणि साथ आली की परिचारिकेला कारणे दाखवा नोटीस द्यायची, हा शासनाचा जुना खाक्या आहे.

तीच गोष्ट दाढीच्या ब्लेडची. एकाच पात्याने ओळीने दहा जणांची दाढी केली तर कावीळ 'ब' आणि एचआयव्ही यांना आमंत्रणच. एका माणसाला एक पाते, हा नियम गल्लीतल्या केशकर्तनालयात आपण मागतो. मग तो भिंतीआडच्या माणसाला का नको?

कायदा काय म्हणतो?

१९१२ साली इंग्रजांनी केलेल्या कायद्याचे नावच 'ल्युनसी' कायदा होते. माणसाला नव्हे, वेडाला कोंडणारा कायदा. १९८७ चा कायदा आला तरी रुग्णाचा हक्क फारसा दिसत नव्हता. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. यात पहिल्यांदा रुग्ण हा हक्क मागणारा नागरिक म्हणून उभा राहिला.

या कायद्याचे कलम २० प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क तर त्यात आहेच. शिवाय सुरक्षित व स्वच्छ परिसर, पुरेशी स्वच्छतागृहे, सकस अन्न, पुरेशी जागा, वैयक्तिक स्वच्छतेच्या वस्तू आणि स्त्रियांना मासिक पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू हे सगळे नावानिशी लिहिलेले आहे. साबण हा उपकार नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे! कलम २१ सांगते की मानसिक आजाराच्या माणसाला शारीरिक आजाराच्या माणसाच्या बरोबरीची सेवा आणि राहण्याची सोय मिळाली पाहिजे. हृदयरोगाच्या वॉर्डात पाण्याची टाकी साफ असते आणि इथे नसते, तर तो कलम २१ चा भंग आहे.

उवा झाल्या म्हणून सरसकट डोकी भादरण्याची जुनी पद्धत आपण ऐकली असेल. स्त्रियांचीसुद्धा. कलम २० ने सक्तीने केस काढण्यास मनाई केली आहे. उवांवर औषध आहे, बारीक दातांचा कंगवा आहे, थोडी सवड आहे. नसते ती इच्छा. भादरलेले डोके म्हणजे काय, हे ज्या स्त्रियांच्या कपाळी जुन्या काळात विधवापण आले त्यांना विचारा. ती आरोग्याची व्यवस्था नव्हती, ओळख पुसण्याची व्यवस्था होती.

साथीच्या नावाने नवी बेडी नको

इथेच दुसरा धोका आहे. साथ रोखायची म्हणून जे केले जाते तेच पुष्कळदा नवी बेडी ठरते. 'वॉर्डात साथ आहे' या एका वाक्याने मावशीची भेट तीन आठवडे बंद झाली आणि त्याच पडद्याआड मुलाचा जीव धोक्यात आला.

इंग्लंडमधले उदाहरण आहे. एप्सम येथील लाँग ग्रोव्ह मनोरुग्णालयात टायफॉइडचे जंतू अंगात वाहणाऱ्या किमान ४३ स्त्रियांना १९०७ ते १९९२ या काळात वेगळे कोंडून ठेवले गेल्याचे २००८ मध्ये बीबीसीने उघडकीस आणले. टायफॉइडवर प्रतिजैविके आली, जग पुढे गेले, पण त्यांच्यातल्या काही जणींसाठी दार उघडले नाही. रोगाचा धोका संपल्यावरही कुलूप तसेच राहते, कारण ते काढण्याची आठवण करून देणारे बाहेर कोणी नसते.

म्हणून फरक नीट लक्षात घ्या. संसर्ग झालेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवणे योग्य आहे. पण त्या खोलीला खिडकी हवी, संडास हवा, परिचारिकेची फेरी हवी, किती दिवस आणि का ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायला हवे, घरच्यांशी फोनवर बोलू द्यायला हवे. एकांत कोठडी मात्र कलम ९७ ने सरळ बंद केली आहे. त्याच कलमाप्रमाणे शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसे कमी आहेत म्हणून कोणालाही बांधता येत नाही. साखळी तर कलम ९५ ने पूर्ण निषिद्ध आहे. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी जखडलेली माणसे आगीत जळून मेली, ही गोष्ट देश विसरला असेल, आपण विसरू नये. भेटीगाठी आणि फोनचा हक्क कलम २६ मध्ये आहे. साथीत तो काही काळ मर्यादित होईल, पण पुसून टाकता येणार नाही.

कोरोनाच्या काळात महाराष्ट्रात काय झाले तेही नोंदवून ठेवतो. बरे झालेल्या रुग्णांना मनोरुग्णालयांतून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याची बाब २०२१ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत न्यायालयाने हे ताबडतोब थांबवा, असे राज्याला सांगितले. बऱ्या झालेल्या माणसाला घर नसेल तर भिकाऱ्यांच्या कोठडीत टाकणे याला पुनर्वसन म्हणतात काय? गर्दी कमी करायची ती माणसाला समाजात परत आणून, एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात लोटून नव्हे. लसीचेही तसेच. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. ओळखपत्र नसलेल्यांना, त्यांत मनोरुग्णालयातल्या व्यक्तींना, लस कशी द्यायची याची कार्यपद्धती केंद्राने मे महिन्यात काढली. आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की या संस्थांतल्या सर्वांच्या लसीकरणाचे वेळापत्रक ठरवा. ज्यांना दार उघडून बाहेर पळता येत नव्हते, त्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी!

झाडू कोणाच्या हाती?

आता आपल्या घरचा प्रश्न. जुलाबाच्या साथीत वॉर्ड कोण धुतो? मळलेल्या चादरी कोण उचलतो? तुंबलेला संडास कोण मोकळा करतो? हात कोणाचे असतात हे या वृत्तपत्राच्या वाचकाला सांगायला नको. कंत्राटी, कमी पगाराचे, हातमोज्याविना. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ 'ब' आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते, प्रशिक्षण द्यावे लागते, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करावी लागते. कंत्राटी कामगार यातून वगळलेला नाही. पण आपल्या किती कामगारांना हे माहीत आहे? आणि आपल्या किती संघटनांनी हे मागितले आहे?

मनोरुग्ण आणि सफाई कामगार यांना व्यवस्था एकमेकांसमोर उभे करते. एक घाण करणारा, दुसरा घाण काढणारा. प्रत्यक्षात दोघेही एकाच जंतूच्या तोंडी दिलेले आहेत. एकाला साबण मिळाला तर दुसरा वाचतो.

भगवान बुद्धांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण विहारात अनेकदा ऐकतो. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग संघाला एकत्र बोलावून विचारणा केली. या प्रसंगात उपदेशाच्या आधी पाणी येते. आणि त्यानंतर येतो तो संघाला विचारलेला जाब. आज तो जाब आपल्याला विचारला जातो आहे.

फळवाटपाच्या जागी पाच प्रश्न

१४ एप्रिलला आपली मंडळे रुग्णालयात फळवाटप करतात. चांगली गोष्ट आहे. केळी वाटली, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. पण मनोरुग्णालयाच्या दाराकडे यातली किती मंडळे वळतात? आणि वळलीच तर आत काय विचारतात? येत्या वेळी जाल तेव्हा केळ्यांबरोबर पाच प्रश्न घेऊन जा.

एक, पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली आणि पाणी कधी तपासले? दोन, नळाजवळ साबण आहे काय आणि प्रत्येक रुग्णाला स्वतःचा टॉवेल, कंगवा, पेला आणि दाढीचे पाते आहे काय? तीन, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या किती जणांची थुंकी तपासली? क्षयरोगाची तपासणी आणि उपचार सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. चार, जुलाब किंवा ताप आलेल्या रुग्णाच्या मानसिक औषधांचा फेरविचार त्याच दिवशी कोण करते आणि घरच्यांना कोण कळवते? पाच, सफाई कामगारांना लस दिली काय?

उत्तर मिळाले नाही तर मार्ग आहेत. कलम २८ खाली प्रथम प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ. या मंडळाकडे रुग्ण स्वतः, त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. अर्जाला एक पैसाही शुल्क नाही. विशेष परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरचा अर्जही घेता येतो. कलम २७ प्रमाणे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आणि टाकी धुतल्याची नोंदवही पाहायला माहितीचा अधिकार आहे. आपल्याकडे तरुण वकिलांची आता कमी नाही. प्रत्येक जिल्ह्यात दोघांनी हे काम अंगावर घेतले तरी पुष्कळ फरक पडेल.

आपल्या वस्तीतही मानसिक आजार लपवला जातो, हे कबूल केले पाहिजे. मुलीचे लग्न मोडेल म्हणून भावाचे नाव घेतले जात नाही. अंगारे-धुपारे सोडले म्हणणारी घरे गुपचूप दर्ग्याला आणि बुवाकडे जातात. दाखल केलेल्या माणसाला सणालासुद्धा भेटायला जात नाहीत. ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याची चादर सगळ्यांत शेवटी बदलली जाते. वॉर्डातला अलिखित नियम आहे हा.

मावशीचा मुलगा आता घरी आहे. औषध घेतो, एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी विचारले, "तिथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला रे?" मला वाटले, मरता मरता वाचलेला मुलगा आजाराचेच काही सांगेल. तो म्हणाला, "सर, मी त्यांना सांगत होतो की हे माझं नेहमीचं नाही, काहीतरी वेगळं होतंय. ते हसत होते."

त्या वॉर्डात आजही कोणीतरी हेच सांगत असेल. त्याचे ऐकायला आपल्यातले कोण जाणार आहे?